अर्धी गोळी

तीस वर्षांत माझ्या हातून एकदाही माप चुकलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे सांगणार आहे त्यात सगळी चूक माझीच आहे, म्हणून सांगतो.

गावच्या दूध संस्थेचा मी सेक्रेटरी. नाव मोहनराव, पण त्या नावानं हाक कोणी मारत नाही. बायकोसुद्धा रागात असली की सेक्रेटरीच म्हणते. वडवणीच्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथून आत अडीच किलोमीटर आमचं गाव. अठरा साली पाऊस पोळ्याच्या आधीच गेला तो परत फिरकला नाही. दसरा झाला तसे ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला गेली, कोणी कोल्हापूरकडं तर कोणी थेट कर्नाटकात. माघारी राहिली म्हातारीकोतारी, आणि ज्यांच्या दावणीला अजून एखादं दुभतं जनावर होतं ती चार घरं. बाकीच्यांनी जनावरं सरकारी चारा छावणीवर नेऊन बांधली आणि तेही तिकडंच ताडपत्रीखाली झोपायला गेले.

चांगल्या सालात संस्थेला सकाळी चारशे लिटर दूध यायचं. दारात रांग लागायची. किटल्या वाजायच्या, बाया भांडायच्या, कोणाच्या सुनेचं काय झालं हे मला न विचारता कळायचं. त्या जानेवारीत दूध घालणारे सात जण उरले होते. सात जणांचं मिळून बत्तीस-तेहतीस लिटर, म्हणजे चाळीसचा एक कॅनसुद्धा धड भरत नव्हता. दूध न्यायला शीतकेंद्राची पिकअप यायची, तिचा ड्रायव्हर वाहेद. त्यानं एक दिवस कॅनवर झाकण दाबता दाबता सांगून टाकलं.

"चाचा, वरून सांगितलंय. तीसच्या खाली गेलं की गाडी ह्या गावात वळवायची न्हाई. डिझेल निघत न्हाई म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"मी तर न्हाई म्हणत. माझ्यावर का म्हून डोळे काढता?"

मला काय वाटलं ते सरळच सांगतो. मला भीती वाटली. दुधाचं काय, लोकांनी चहात घातलं असतं. पण सकाळचा तो पाऊण तास सोडला तर दिवसभर माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. पोरगा चाकणला कंपनीत. नातू झाला म्हणून भिवराबाई, म्हणजे आमची मंडळी, दोन महिन्यांसाठी तिकडं गेली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. दुपारी भिंतीवर पाल चुकचुकली तर मी तिला "काय गं?" म्हणून विचारायचो. हसा खुशाल. संस्था बंद झाली असती तर मी पालीच्याच भरवशावर राहिलो असतो.

आता गोळीचं सांगतो. आदल्या वर्षी एकदा घेरी आली तेव्हा अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेलतो. बीपी लई वाढलंय म्हणाले, काळजाचे ठोकेही जोरात. पांढरी, मधे रेघ असलेली गोळी दिली. रोज एक, एकाच वेळेला, पोटात काहीतरी घालून. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. दमा आहे का, शुगर आहे का, सगळं विचारून घेतलं. आणि मनानं बंद करायची नाही, हे त्या डॉक्टरानं दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

साडेसहाला शिळी कोरभर भाकरी चहात बुडवून खायची आणि संस्थेत दूध मोजायच्या फळीपाशी उभ्यानं गोळी घ्यायची, असं वर्षभर चाललं. बीपी खाली आलं हे खरं. पण त्याबरोबर अंगही खाली बसल्यासारखं झालं. हात गार पडायचे. पायऱ्या चढलो की पायात वाळू भरल्यासारखं वाटायचं. पूर्वी भरलेला कॅन मी एका दमात पिकअपच्या फाळक्यावर टेकवायचो. आता गुडघ्यापर्यंत उचलला की थांबावं लागायचं. हे डॉक्टरला जाऊन सांगायचं सोडून मी मनातल्या मनात गोळीशी भांडण मांडलं.

एकदा वाहेदनं माझ्या हातातून कॅनचा कान काढून घेतला. "राहू द्या चाचा. संस्थेला आता दुसरा गडी बघा एखादा."

तो चांगल्या मनानंच बोलला असणार. पण समोर दोन बाया उभ्या होत्या. माझे कान तापले. कुठला गडी बघणार होता तो? गावात गडी उरला होता का?

त्यात गोळ्या संपत आल्या. दर महिन्याला अंबाजोगाईला जाऊन आणायच्या म्हणजे पहाटेची गाडी धरायची, रांगेत बसायचं, दिवस जायचा. संस्था एक दिवस बंद. एक दिवस शटर बंद दिसलं की लोक दुसऱ्या दिवशी येत नाहीत, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. आणि टँकरचा वार चुकला तर प्यायला पाणी नाही. टँकर एक दिवसाआड यायचा. माणशी तीन घागरी. आम्ही आंघोळ दिवसाआड करत होतो, धुणं आठवड्याला. गाईला चारा निम्मा, भाकरीबरोबर कालवण निम्मं. सगळं गाव निम्म्यावर जगत होतं आणि जगत होतं की नाही? मग ही गोळीच रोज पुरी का म्हून लागते? माझ्या डोक्यात हे असं आलं. दुष्काळात माणसाला काटकसर केली की आपण लई शहाणे झालो असं वाटतं.

कंपनीनं मधे रेघ पाडलीच होती. मी दाढीचं जुनं पातं आणलं, दुधाच्या फळीवर गोळी ठेवली आणि रेघेवर दाबलं. टक् करून दोन तुकडे. एक तोंडात टाकला, दुसरा लॅक्टोमीटरच्या लाकडी पेटीत कापसावर ठेवला, उद्यासाठी. लॅक्टोमीटर म्हणजे ती काचेची नळी. दुधात सोडली की किती डिग्रीवर तरंगते त्यावरून पाणी घातलंय का कळतं. निम्म्या गावाची चोरी त्या नळीनं मी पकडली होती.

तेवढ्यात फळीपलीकडं किटली ठेवल्याचा आवाज झाला. चंद्रभागाबाई उभी होती.

ही बाई माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हती. चार वर्षांपूर्वी तिच्या दुधाची डिग्री कमी आली होती. मी रांगेतल्या वीस-बावीस माणसांसमोर आकडा मोठ्यानं वाचला, आणि तिची किटली बाहेर नेऊन रस्त्यावर उपडी केली. नियम तसा नव्हता. नियम परत करायचा होता. ओतलं ते मी माझ्या रुबाबासाठी ओतलं. तेव्हापासून ती यायची, किटली ठेवायची, पावती घ्यायची आणि पदर सारखा करून निघून जायची. पोरगा आणि सून तोडीला गेलेले, घरात ती आणि एक गाय. बोलायला तिलाही कोणी नव्हतं, तरी माझ्याशी बोलायची नाही. एवढा पीळ.

तिनं पात्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चार लिटर मोजून दिले आणि गेली.

आठ-दहा दिवसांत अंगात खरंच जोर आल्यासारखं वाटलं. हात ऊबदार झाले. मी मनाशी म्हटलं, बघ, डॉक्टरला काय कळतंय? मग अर्धी गोळीसुद्धा दिवसाआड केली. टँकर आला त्या दिवशी गोळी, टँकर नाही त्या दिवशी गोळी नाही. लक्षात ठेवायलाही सोपं. एका सकाळी कॅन एकट्यानं उचलून फाळक्यावर टेकवला आणि वाहेदकडं बघून म्हटलं, "बघितला का दुसरा गडी?"

"बाप रे. चाचा, काय खाल्लं?"

"खाल्लं न्हाई, सोडलं."

तो हसला, मीही हसलो. त्या दिवशी भिवराबाईचा फोन आला. मागं नातू रडत होता, तिला धड ऐकूही येत नव्हतं.

"गोळी घेता ना हो वेळेवर?"

"घेतो की."

"रोज?"

"आता काय तुला फोटो काढून पाठवू का?"

ती म्हणाली, पोराला दात येतायत, उन्हाळ्यात बघू येण्याचं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर राग आला तो तिचा का माझा ते कळलं नाही. येऊन तळहातावर गोळी ठेवायची सोडून तीनशे किलोमीटरवरून विचारते, असं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

मग तुकडेही संपले. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी टँकर होता. तिसऱ्या दिवशी विठ्ठलरावाची म्हैस आटायला लागली, एकूण एकतीसवर आलं, मग म्हटलं आता तर एक दिवसही शटर बंद ठेवायचं नाही. चौथ्या रात्री डोकं ठणकत होतं. उशीवर कान टेकला की छातीतले धक्के कानात ऐकू यायचे. पाचव्या दिवशी पावणेसहाला शटर वर ढकललं, तेव्हाच डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी मापाला बसलो.

सातही जणांचं दूध कॅनमध्ये पडलं. एकतीस लिटर, बरोबर. चंद्रभागाबाई शेवटची होती, ती पावतीची वाट बघत उभी होती. मी कॅन बाहेर घ्यायला वाकलो. छातीवर कोणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं आणि काळीज बेफाम पळायला लागलं. कॅनचा कान हातातून सुटला ते कळलं. मी खाली कधी गेलो ते कळलं नाही.

शुद्ध होती. फरशीचा गारवा गालाला लागत होता. डोळ्यांपुढून दूध वाहत गेलं, उंबऱ्यावरून खाली, पायरीवरून मातीत. गावातलं एक लुकडं कुत्रं आलं आणि चाटायला लागलं. सात घरांचं दूध. मला हाकलायचं होतं, पण आवाज निघेना.

"हाड्, हाड्," चंद्रभागाबाईनं कुत्र्याला हुसकावलं. मग माझ्याजवळ बसली. चार वर्षांनी तिनं मला पहिलं वाक्य ऐकवलं ते हे. "सेक्रेटरी, हलू नका. उठायची घाई करू नका."

माझ्या शर्टाच्या वरच्या गुंड्या तिनं सोडल्या, पाठीला पोत्याची घडी दिली. फाट्याकडून पिकअपचा हॉर्न आला तशी ती रस्त्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. वाहेदनं सांडलेलं दूध बघितलं, मला बघितलं, आणि मला उचलून पुढं बसवलं. ती माझ्या बाजूला बसली. गाय दावणीला तशीच, दाराला कुलूप नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या. माझ्या पोराच्याच वयाच्या. दंडाला पट्टा आवळला, फुगवला, आकडा बघून परत फुगवला. दोनशे आणि एकशे बारा. ठोके एकशे सव्वीस. छातीला वायरी लावून कागद काढला. जिभेखाली काहीतरी दिलं, हाताला सुई लावली. जरा श्वास खाली बसल्यावर विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे का?"

"हाय," मी म्हटलं.

"रोज घेता?"

"घेतो."

दाराशी उभी असलेली चंद्रभागाबाई पुढं आली. "खोटं बोलत्यात. अर्धी घेत्यात. दुधाच्या फळीवर पात्यानं कापत्यात. मी रोज बघते. आन् आता चार दिस तर कापताना बी दिसले न्हाईत."

चार वर्षं ही बाई माझ्याकडं बघत नाही असं मी समजत होतो.

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. खुर्ची ओढून बसल्या. "काका, ह्या गोळीनं हृदय वर्षभर आवरून धरलं होतं. तुम्ही ते एकदम सोडलं. मग ते दुप्पट जोरानं पळतं. आज झटका यायचाच बाकी होता. कमी का केलीत?"

"हात गार पडायचे. जोर गेलता अंगातला."

"होतं तसं काहींना. ते आम्हाला सांगायचं. गोळी कमी करायची असली तर आम्ही हळूहळू करू, बदलायची असली तर बदलू. पण तुम्ही मनानं नाही. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवली तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. चक्कर आली, दम लागला, ठोके पन्नासच्या खाली गेले तर लगेच या. आणि संपायच्या आधी आठ दिवस या. इथंच मिळतात, अंबाजोगाईपर्यंत कशाला जाता?"

इथंच मिळतात. अकरा किलोमीटरवर. मी कोणाला विचारलंच नव्हतं.

"अर्धी घेणं म्हणजे," त्या म्हणाल्या, "घेतल्यासारखं दिसतं फक्त."

दोन दिवस त्यांनी ठेवून घेतलं. चंद्रभागाबाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेली, गाईची धार राहिली होती. भिवराबाईला मी कळवलं नाही. पोराला दात येत होते.

तिसऱ्या दिवशी पावणेसहाला शटर उघडलं. गोळी आता वेगळ्या डोसची होती, तीही अख्खी. सातातले सहाच जण आले. दोन दिवस शटर बंद बघून विठ्ठलरावानं आटत आलेली म्हैस छावणीवर नेऊन बांधली होती. मी सांगितलं होतं ना, शटर बंद दिसलं की लोक येत नाहीत. पाच जणांचं मोजलं, चोवीस भरलं. चंद्रभागाबाईचे चार धरले तर अठ्ठावीस. वाहेदची गाडी आज शेवटची, हे मला कळून चुकलं.

ती सगळ्यांच्या मागून आली. फळीवर किटली ठेवली. मी मापानं मोजायला लागलो. चार झाले, किटलीत अजून होतं. पाच. सहा.

चोवीस आणि सहा, तीस.

तिची गाय कधी सहा लिटर देत नव्हती. ह्या निम्म्या चाऱ्यावर तर नाहीच. मी पेटी उघडली, लॅक्टोमीटर काढला आणि दुधात सोडला. तिनं तोंड फिरवलं नाही. नळी एकोणीसवर थांबली. अठ्ठावीसला थांबायला हवी.

दोन लिटर पाणी. टँकरचं. तिच्या वाट्याच्या तीन घागरींतलं, प्यायचं.

रस्त्यावर कोणी नव्हतं. पाचही जण गेले होते. फाट्याकडं गाडीचा आवाज यायला लागला होता.

"चंद्रभागाबाई," मी हळू म्हटलं, "डिग्री कमी आलीय."

"तीस भरले का न्हाई?"

"भरले."

"मग लिवा की."

मी पेन उचललं नाही.

"का म्हून घातलं ते तुमाला कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली.

"कळतं. कळतं म्हणून तर न्हाई लिहीत. परवा डॉक्टरीण बाई मला काय म्हणाल्या ते तुमी ऐकलंय. घेतल्यासारखं दिसतं फक्त. हे बी तसंच हाय. शीतकेंद्रावर फॅट तपासतील, कॅन परत येईल, आन् गावाचं नाव खराब होईल ते येगळंच."

मी किटली तिच्याकडं सरकवली. ह्या वेळी आकडा मोठ्यानं वाचला नाही, ओतलंही नाही. "घरी न्या. चहा करा. आन् त्या वेळचं... मी तवा ओतायला नको होतं."

तिनं किटलीच्या कडीला हात लावला, पण उचलली नाही.

"मग उद्यापास्नं गाडी न्हाई यायची."

"न्हाई."

"मग तुमी काय करनार दिसभर?"

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. पोरानं नाही, बायकोनं नाही. डोळे भरून आले, म्हणून मी लॅक्टोमीटर फडक्यानं पुसत बसलो, कोरडा होता तरी. तीही तशीच उभी राहिली. मग वाहेद आला. चोवीस लिटर बघून त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "चाचा, उद्या मी न्हाई येऊ शकत. तब्येतीला जपा," म्हणाला. कॅन त्यानंच उचलला, मी अडवलं नाही. पिकअप वळून फाट्याकडं गेली आणि तिची धूळ बराच वेळ रस्त्यावर राहिली.

दुसऱ्या दिवशी जाग आली ती नेहमीच्याच वेळेला. आधी उठून बसलो, मग उभा राहिलो, सांगितल्याप्रमाणं. जायचं काही कारण नव्हतं, तरी गेलो. शटर वर केलं. फरशी झाडली. मापं घासली, एक लिटरचं, अर्ध्याचं, पावाचं, आणि ओळीनं उलटी मांडली. सहा वाजले. रस्त्यावर माणूस नाही, किटलीचा आवाज नाही. सव्वासहाला वाटलं, शटर ओढावं आणि घरी जाऊन पडावं. गोळी घेतली काय आणि नाही घेतली काय, कोणाला फरक पडणार होता? हे माझ्या मनात आलं, लपवत नाही.

साडेसहाला चंद्रभागाबाई आली. किटली नव्हती. एका हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी, दुसऱ्या हातात झाकलेला तांब्या. दोन्ही फळीवर ठेवलं.

"कालच्या दुधाचा चहा हाय. पानचट लागंल," ती म्हणाली. "आधी खावा."

मी खाल्लं. पानचटच होता. ती बघत उभी राहिली, मी जसा तिच्या किटलीकडं बघायचो तशी.

"आता गोळी काढा."

मी गोळ्यांची पट्टी काढली, त्यातली एक गोळी तळहातावर घेतली आणि तिला दाखवली. तिनं वाकून नीट बघितली, कापलेली नाही ना म्हणून. मी तोंडात टाकली, वर पाणी प्यालो.

"आ करा."

"अहो, काय लहान पोर हाय का मी?"

"चार वर्षं माझं दूध नळी घालून बघितलं ना तुमी? आ करा."

मी आ केला. तिनं बघितलं, मान हलवली, रिकामा तांब्या उचलला आणि पायरी उतरली. रस्त्यात जाऊन मागं वळली.

"उद्या साडेसहालाच येते. दूध बंद झालं म्हणून काय झालं? माप तर बघाया लागतंय."

ती गेल्यावर सात वाजले. पुढचा सगळा दिवस तसाच समोर पडला होता, आणि घरी पालीशिवाय कोणी नव्हतं. मी गोळ्यांची पट्टी घरी नेली नाही. लॅक्टोमीटरच्या पेटीत कापसावर ठेवली, पातं बाहेर फेकून दिलं, आणि शटर ओढताना कुलूप लावून किल्ली दोनदा चाचपली.